रंग जातो, पाणी राहतं

आमच्या घरात उशीचे अभ्रे कधी पांढरे नव्हते. आई मुद्दाम गडद घ्यायची, तपकिरी नाहीतर काळपट लाल, कारण बाबांच्या घामाला रंग असायचा. कंपनीत साबण असायचा, ब्लीचिंग पावडर असायची, ते हात-तोंड स्वच्छ धुऊनच घरी यायचे. पण कातडीत मुरलेला रंग रात्री झोपेत बाहेर यायचा. या आठवड्यात प्लांटला कुठला माल चालू आहे हे आम्हाला सकाळी अभ्र्यावरून कळायचं. ‘आज नारिंगी दिसतंय,’ असं आई म्हणायची, जसं कुणी ‘आज ढगाळ दिसतंय’ म्हणेल.

बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत फिल्टर प्रेसवर ऑपरेटर होते. १९९५ ला लागले, २०२२ ला सुटले. फिल्टर प्रेस म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रंग तयार होतो तो पाण्यात विरघळलेला. त्या पाण्यात मीठ टाकतात, आपलं साधं मीठ, पोत्यांनी. मीठ पडलं की रंग पाण्यातून वेगळा होतो. मग ते सगळं प्रेसमधून दाबून गाळायचं. कापडावर जो चिखलासारखा थर राहतो त्याला केक म्हणतात आणि खाली जे पाणी निघतं त्याला मदर लिकर. प्लांटवर सगळे त्याला नुसतं ‘एमएल’ म्हणतात. केक सुकवतात, दळतात, ड्रममध्ये भरतात. ड्रम न्हावाशेवाला जातात आणि तिथून तुर्कस्तान, बांगलादेश, जर्मनी, जिथली ऑर्डर असेल तिथे. एमएलला कुणी ऑर्डर देत नाही. ते इथेच राहतं.

माझा पहिला चांगला फोन जून २०१९ मधला. तोवर मी आईचा जुना, काच तडकलेला फोन वापरत होते. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली होती, निकाल बरा लागला आणि बाबांनी रोख पैसे देऊन फोन आणला. त्या तीन महिन्यांत त्यांना भरपूर ओव्हरटाइम मिळाला होता. ऑर्डर वाढल्या होत्या. का वाढल्या, हे आम्ही विचारलं नाही. पगार का वाढला असं कुणी विचारतं का?

उत्तर मला तीन वर्षांनी मिळालं, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, इंडस्ट्रियल केमिस्ट्रीच्या तासाला. २१ मार्च २०१९ रोजी चीनच्या जियांगसू प्रांतात श्यांगश्वेई इथल्या केमिकल पार्कमध्ये स्फोट झाला. ७८ माणसं गेली, शेकडो जखमी झाली. त्या कंपनीत इतर गोष्टींबरोबर रंगांसाठी लागणारं इंटरमीडिएट बनत असे, म्हणजे ज्या कच्च्या मालापासून पुढे रंग होतो ते. चौकशीत निघालं ते असं, की पेटला तो माल नव्हता, कचरा होता. नायट्रो संयुगांचा कचरा बेकायदा साठवून ठेवला होता, तो तापत गेला आणि उडाला. नंतर तिथल्या प्रशासनाने तो अख्खा केमिकल पार्कच बंद करायचं ठरवलं. इंटरमीडिएटचे भाव चढले, भारतातल्या काही केमिकल कंपन्यांचे शेअर चढले, ऑर्डर इकडे वळल्या. सर हे सप्लाय चेनचं उदाहरण म्हणून सांगत होते. मी बाकावर बसून महिने मोजत होते. मार्च, एप्रिल, मे. जून.

फोन तेव्हा माझ्या बॅगेत होता.

मी काही केलं नव्हतं. बाबांनीही नाही, त्यांनी जास्तीचे तास उभं राहून प्रेस चालवली, एवढंच. बाबांच्या कंपनीच्या मालकांनीही श्यांगश्वेईत काडी टाकली नव्हती. गुन्हा या शब्दाचा कुठलाही अर्थ घ्या, तो आमच्या घराला लागत नाही. तरी काहीतरी लागत होतं. त्याला काय म्हणायचं ते मला कळेना.

तत्त्वज्ञानात याच्या शेजारची एक जुनी चर्चा आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर लिहिलं. त्यातलं ट्रकवाल्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ड्रायव्हरची काही चूक नाही, पण मूल अचानक आडवं आलं आणि चाकाखाली गेलं. त्याला दोष कुणी देणार नाही. पण तो जर ‘माझी चूक नाही’ म्हणून शांतपणे जेवायला बसला, तर आपल्याला तो माणूस खटकेल. पटतं. पण मी तर ट्रकही चालवत नव्हते. माझं उदाहरण आमच्या लोकलमधलं आहे. सकाळची फास्ट, गर्दी, समोर बसलेली बाई चक्कर येऊन कोसळते, तिला दिव्याला उतरवतात आणि तिची रिकामी सीट मला मिळते. मी तिला पाडलं नाही. सीट रिकामी ठेवून तिचं काही भलं होणार नाही. कुणीतरी बसणारच. मी बसते. प्रश्न एवढाच आहे, की बसल्यावर लगेच कानात इअरफोन घालायचे का?

सरकारी योजनांनी आपल्याला यासाठी एक शब्द देऊन ठेवला आहे: लाभार्थी. हा शब्द मला आवडतो, कारण त्यात दोषही नाही आणि कर्तृत्वही नाही. यादीत नाव आलं, लाभ मिळाला. रंगाच्या धंद्याचा इतिहास वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की हा धंदा दीडशे वर्षं असेच लाभार्थी तयार करत आला आहे. आणि नेहमी ते माझ्यासारखे नव्हते. एकदा तर ते बिहारमधले शेतकरी होते, आणि त्यांच्यावर उपकार करणारी होती एक जर्मन कंपनी, जिला ते शेतकरी आहेत हे बहुधा ठाऊकही नव्हतं.

गोष्ट निळीची आहे. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ ची. लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि जांभळा रंग हाती लागला. पुढची काही दशकं जर्मन केमिस्टांची. प्रत्येक नैसर्गिक रंगाची ते नक्कल करत सुटले. मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग १८६९ च्या सुमारास प्रयोगशाळेतून बाजारात आला आणि दक्षिण फ्रान्समधली मंजिष्ठेची शेती काही वर्षांत बसली. नीळ मात्र हट्टी निघाली. आडोल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली, पण शेतातल्या निळीपेक्षा स्वस्त पडेना. ते गणित बीएएसएफ या कंपनीने १८९७ मध्ये जमवलं. त्या वेळी जगात सुमारे १९ हजार टन नीळ झाडापासून निघत होती, बहुतेक आपल्याकडची. १९१४ पर्यंत ती हजार टनांच्या आसपास आली.

झाडाची नीळ म्हटलं की आज आपल्याला हातमाग, अजरख, निळसर हातांच्या कारागिरांचे सुंदर फोटो आठवतात. मलाही आठवतात, इन्स्टावर मी ते लाइकही करते. पण बंगालमध्ये १८५९ मध्ये शेतकरी उठले ते याच सुंदर झाडाविरुद्ध. गोरे मळेवाले आगाऊ रक्कम अंगावर घालत, भाताच्या जमिनीत नीळ पेरायला लावत, आणि कर्ज फिटत नसे. दीनबंधू मित्र यांचं ‘नील दर्पण’ हे नाटक १८६० चं, त्याच संतापातून आलेलं. उत्तर बिहारच्या चंपारणमध्ये ‘तिनकठिया’ होती: वीस कठ्ठ्यांच्या प्रत्येक बिघ्यातले तीन कठ्ठे मळेवाल्यासाठी निळीखाली ठेवायचे, ही सक्ती.

आता जर्मन नीळ आली. भाव पडले. तिनकठियाचा मळेवाल्याला काही उपयोग उरला नाही. म्हणजे शेतकरी सुटला?

सुटला, पण मळेवाल्याने सुटकेचे पैसे घेतले. त्याने शेतकऱ्याला सांगितलं, नीळ लावायच्या बंधनातून मोकळं व्हायचं असेल तर एक तर वाढीव खंड कबूल कर, त्याला शरहबेशी म्हणत, नाहीतर एकरकमी भरपाई दे, तिला तावान म्हणत. नीळ तशीही मेली आहे, हे शेतकऱ्याला माहीत नव्हतं. जी बेडी गंजून आपणच गळून पडणार होती, ती काढायची किंमत त्याने कर्ज काढून मोजली. आणि मग १९१४ ला महायुद्ध सुरू झालं, जर्मन रंग बाजारातून नाहीसे झाले. जगाचे रंग एका देशाच्या हातात होते त्याचा तो परिणाम. रंगांची टंचाई एवढी, की १९१६ मध्ये ‘डॉइचलँड’ नावाची जर्मन मालवाहू पाणबुडी ब्रिटिश नाकाबंदी चुकवून अमेरिकेत बाल्टिमोरला गेली, आणि तिच्या पोटात काय होतं, तर रंग! नैसर्गिक निळीला पुन्हा भाव आला. चंपारणात मळेवाल्यांना नीळ पुन्हा हवीशी झाली.

इथे मी बराच वेळ अडकले, कारण मला वाटतं सगळा मुद्दा या तीन-चार वर्षांत आहे. जर्मन रसायनाने शेतकऱ्याचं भलं केलं, हे खरं आहे. त्या रसायनाच्या मागे त्याच्या भल्याचा विचार नव्हता, हेही खरं आहे. मग भलं ते भलं, विचार असो की नसो, असं म्हणून पुढे जायला काय हरकत आहे? भुकेल्याला भाकरी कुणी दयेने दिली की चुकून, पोटाला काय फरक पडतो? हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. बाबांना ओव्हरटाइम कुणाच्या कणवेने मिळाला नव्हता, तरी फोन लागतच होता, चार्जही होत होता.

फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी. जे भलं कुणी ठरवून केलेलं नाही, ते काढून घेतानाही कुणाला काही काढून घेतल्यासारखं वाटत नाही. १८९७ नंतर तिनकठिया ढिली पडली ती बाजारामुळे, १९१४ ला ती आवळली तीही बाजारामुळे. मधे एकदाही कुणी शेतकऱ्याकडे पाहून ‘हे तुझ्यावर अन्यायाचं आहे’ असं म्हटलं नव्हतं. म्हणून परत आवळायला कुणाला शब्द फिरवावा लागला नाही.

शेतकऱ्याकडे पाहिलं गेलं ते १९१७ मध्ये. राजकुमार शुक्ल या चंपारणच्या शेतकऱ्याने गांधींचा पिच्छा पुरवून त्यांना तिथे नेलं. गांधींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो शेतकऱ्यांचे जबाब लिहून घेतले. नाव, गाव, किती तावान दिलं, केव्हा दिलं. मग सरकारी समिती बसली, गांधी तिचे सदस्य होते आणि तावान परत करायचा प्रश्न आला. मळेवाले २५ टक्क्यांवर आले. गांधींनी ते मान्य केलं. अनेकांना हे कमी वाटलं, आजही वाचताना वाटतं. सगळेच पैसे चुकीने घेतलेले, मग पाव हिस्सा कसला? गांधींचं म्हणणं असं होतं, की रक्कम महत्त्वाची नाही, मळेवाल्याला परत द्यावं लागलं हे महत्त्वाचं. १९१८ च्या कायद्याने तिनकठिया गेली. पुढे युद्ध संपलं, भाव वरखाली झाले, पण ती परत आली नाही, कारण आता ती बाजारभावाने गेलेली नव्हती.

पाव हिस्सा परत करणं म्हणजे पाव न्याय असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्या २५ टक्क्यांत एक कबुली होती, आणि कबुली पाव किंवा अर्धी नसते. बाकीचे ७५ टक्के बुडाले, हे मात्र विसरायला नको. ज्यांनी बैल विकून तावान भरलं असेल त्यांना कबुली खाता येत नव्हती.

तर हा झाला शेतातला रंग. तो गेला आणि त्याची जागा कारखान्यातल्या रंगाने घेतली, म्हणजे निळीच्या शेतकऱ्याच्या जागी बाबांसारखा ऑपरेटर आला. त्याच्याकडे कुणी पाहिलं का?

१८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने नोंदवलं, की फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाचे ट्यूमर दिसताहेत. कारखाना जवळच होता, पेशंट त्याच्याकडे येत होते, त्याने दोन आणि दोन जोडले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमीन ही रंगांच्या कारखान्यातली दोन रसायनं कॅन्सर करतात असं जाहीर केलं. ब्रिटनने ती वापरण्यावर बंदी आणली १९६७ मध्ये. युरोपात ती मागे पडत गेली तसे त्यांच्यापासून होणारे रंग नाहीसे झाले नाहीत. ते दुसरीकडे बनू लागले. भारतातही.

मग १९९४ मध्ये जर्मनीने कायदा केला: ज्या अझो रंगांतून अशी घातक अमीन सुटू शकतात, ते अंगाला लागणाऱ्या कपड्यांत आणि चामड्यात चालणार नाहीत. मर्यादा ठरली, एक किलो कापडात ३० मिलिग्रॅम. पुढे सगळ्या युरोपने तसाच नियम केला. निर्यात अडणार म्हटल्यावर आपल्याकडे हालचाल झाली आणि १९९७ मध्ये भारत सरकारने ७० अझो रंगांवर बंदी घातली. तुमच्या एखाद्या कपड्याच्या टॅगवर ‘अझो-फ्री’ लिहिलेलं असेल, त्यामागे हा इतिहास आहे.

१८९५ ते १९९४. कामगाराच्या मूत्राशयापासून ग्राहकाच्या कातडीपर्यंत पोचायला ९९ वर्षं लागली. माझं वाक्य जरा कडवट आहे, मधल्या काळातल्या कायद्यांवर ते थोडा अन्यायही करतं. पण जो कायदा डोंबिवलीपर्यंत खरोखर पोचला तो कपडा घालणाऱ्यासाठी केलेला होता. बाबा कामाला लागले १९९५ ला, म्हणजे त्या घातक मालांच्या शेवटाला. त्यांच्या प्लांटमध्ये एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी पंधरा-वीस वर्षं तो जुना माल हाताळला होता, उघड्या हातांनी. रिटायर झाल्यावर त्यांना लघवीतून रक्त जायला लागलं आणि दोन वर्षांत ते गेले. हा आजार व्हायला वीस-वीस वर्षं लागतात, मामा तंबाखूही खायचे, त्यामुळे कशाने गेले हे कुणी सांगू शकत नाही. कुणी विचारलंही नाही. बाबा वाचले, असं मला वाटतं. वाचले असतील तर ते म्यूनिक किंवा हॅम्बुर्गमधल्या कुणाच्या तरी शर्टामुळे. पुन्हा लाभार्थी.

आणि हे फक्त परदेशी ग्राहकाचं नाही, आपलंही असंच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईत तळोज्याला निळी कुत्री दिसली. कासाडी नदीच्या आसपास फिरणारी भटकी कुत्री, अंगभर निळी. फोटो जगभर गेले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला टाळं लावलं. मला त्या कुत्र्यांबद्दल खरंच वाईट वाटलं होतं, मी फोटो शेअरही केला होता. पण कासाडीच्या पाण्याबद्दल तिथले कोळी बांधव त्याआधीपासून तक्रार करत होते. मासळी मेली की ती निळी दिसत नाही, नुसती मेलेली दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या डोंबिवलीत रस्ता गुलाबी झाला तेव्हाही तेच. मुख्यमंत्री पाहणीला आले. गुलाबी होण्याआधी त्या रस्त्यावर काय वाहत होतं, ते काळपट असल्यामुळे बातमीत बसत नव्हतं.

शर्ट, कुत्रा, गुलाबी रस्ता. दर वेळी नजर कशावर तरी दुसऱ्याच गोष्टीवर पडते आणि तिच्या उजेडात आमच्यासारख्यांना थोडं दिसायला लागतं. तिनकठिया जशी बाजारभावाने ढिली झाली तसंच हे. आणि म्हणूनच ते परतही येऊ शकतं. उद्या कपड्यात न उतरणारं, फक्त बनवणाऱ्यालाच त्रास देणारं एखादं रसायन असेल, तर कुठला टॅग त्याच्याबद्दल बोलणार?

असं रसायन खरंच होतं, आणि त्याची गोष्ट चंपारणच्या पंगतीला बसणारी आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे काही कारखान्यांनी एच-ॲसिड बनवायला घेतलं. एच-ॲसिड हे रंगांचं इंटरमीडिएट. बाबांच्या प्लांटलाही ते पोत्यांनी यायचं, बाहेरून. ते बनवताना तयार मालाच्या कितीतरी पट आम्लाचं पाणी आणि गाळ निघतो. बिछडीत एकूण ३७५ टनांच्या आसपास माल निघाला असेल; त्यामागे २,४०० टनांवर गाळ राहिला. मोठमोठ्या कंपन्यांच्या हिशेबात हे उत्पादन काहीच नाही. पण ते पाणी उघड्यावर सोडलं, गाळ आवारात आणि आसपास टाकला, तो झिरपला आणि विहिरींचं पाणी काळपट तांबडं झालं. प्यायला नाही, गुरांना नाही, शेताला नाही. लोक इतके चिडले की गावात जमावबंदी लावावी लागली. कारखाने बंद पडले, गाळ राहिला.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्याने प्रदूषण केलं त्यानेच पाणी आणि जमीन पूर्ववत करायचा खर्च द्यायचा, हे तत्त्व आपल्या कायद्यात ठामपणे आलं ते या निकालातून. पर्यावरणाचा कायदा शिकणारा प्रत्येक जण बिछडीपासून सुरुवात करतो. इथे कुत्रा नव्हता, शर्ट नव्हता. विहिरीकडे विहीर म्हणून पाहिलं गेलं होतं. पुढचंही सांगायला हवं: पैसे भरायचे टाळण्यासाठी अर्जांमागून अर्ज झाले, आणि २०११ मध्ये न्यायालयाने पुन्हा, ३७ कोटींच्या वर रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरा, असं बजावलं. पंधरा वर्षं.

त्या निकालातली एक नोंद मी वहीत लिहून ठेवली आहे. ते एच-ॲसिड फक्त निर्यातीसाठी बनत होतं. पाश्चात्त्य देशांत त्याचं उत्पादन बंद झालं होतं, म्हणून मागणी इकडे आली होती. म्हणजे कोर्टात मालक होता, सरकार होतं, प्रदूषण मंडळ होतं, गावकरी होते. ज्यांनी माल घेतला ते नव्हते. त्यांनी तर काही केलंच नव्हतं. त्यांनी फक्त बिल भरलं, आणि बिलात केकचा भाव होता, एमएलचा नव्हता. त्यांची आणि माझी जात एकच. ३७५ टन एच-ॲसिडचे कपडे कुणाच्या तरी कपाटात असतील, विटून फाटूनही गेले असतील.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते आता घरीच असतात, सकाळी फिरायला जातात, अभ्रे अजून गडदच आहेत, सवय. चंपारण त्यांनी शांतपणे ऐकलं. बिछडीला ‘होय, एच-ॲसिडचं पाणी वाईटच,’ म्हणाले, जसं आपण एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल म्हणतो. श्यांगश्वेईचं सांगितलं तेव्हा मात्र जरा वेळ बोलले नाहीत.

“मग मी काय करायला हवं होतं? नको म्हणायचं होतं ओव्हरटाइमला?”

“नाही बाबा, तसं नाही.”

“मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने केलं असतं. माल अडला की कुणाला तरी करावाच लागतो.”

हे वाक्य मी मालकाच्या तोंडून ऐकलं असतं तर भांडले असते. ‘आम्ही नाही केलं तर दुसरा करेल’ हे रंगाच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं मीठ आहे, ते टाकलं की जबाबदारी पाण्यातून वेगळी होते. पण बाबांच्या तोंडी ते खोटं नव्हतं. त्यांच्यासाठी ते नुसतं खरं होतं. एकच वाक्य कोण बोलतं त्यावर त्याचं वजन बदलतं, हे मला तेव्हा कळलं. ज्याच्या हातात ऑर्डर नाकारणं आहे त्याच्यासाठी ती पळवाट, ज्याच्या हातात फक्त शिफ्ट नाकारणं आहे त्याच्यासाठी ते हवामान.

मग तेच म्हणाले, “तेव्हा तीन शिफ्ट चालवत होतो आम्ही. डबल माल. ईटीपी मात्र तेवढाच होता.”

ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. माल दुप्पट झाला आणि तो तेवढाच राहिला. ते पाणी कुठे गेलं असेल, हे त्या दोघांना, म्हणजे बाबांना आणि नाल्याला, माहीत होतं. मला फोन मिळाला त्याच तीन महिन्यांत. मी श्यांगश्वेईच्या ७८ माणसांचा विचार करत बसले होते आणि माझ्या घरापासून दोन किलोमीटरवरचा हिशेब मला सुचलाही नव्हता. दूरच्या दुःखाबद्दल हळहळणं सोपं असतं, त्यात कुणी ओळखीचं भेटत नाही.

मी फोनवर त्यांना श्यांगश्वेईचा फोटो दाखवला. वरून, ड्रोनने घेतलेला. जळून काळे झालेले सांगाडे, आणि मध्ये स्फोटाने पडलेला भलामोठा गोल खड्डा, पाण्याने भरलेला. बाबांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. मला वाटलं माणसं शोधताहेत.

“या पाण्याचं पुढे काय केलं त्यांनी?” त्यांनी विचारलं.